बाईची जट कशी उतरवावी

जट कापायला अर्धा-पाऊण तास पुरतो. कात्रीपर्यंत पोहोचायला मात्र कधी कधी महिने जातात. तुमच्या लेखी तो केसांचा गुंता असतो, घरच्यांच्या लेखी ती यल्लम्मा देवी असते.

साधूची जटा वेगळी. ती तो व्रत म्हणून राखतो. जमैकातले रास्ताफारी बायबलमधल्या नाझीर व्रताचा (केस न कापण्याच्या नवसाचा) आधार देतात, तेही स्वखुशीनं. आपल्याकडे, विशेषतः दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात यल्लम्माच्या सौंदत्तीच्या पट्ट्यात, बाईला जट 'येते'. केस एका जागी चिकटले की कुणीतरी जोगतीण (देवीला वाहिलेली बाई) सांगते, आईनं हिला धरलंय. त्या दिवसापासून फणी बंद, डोक्यावर भंडारा सुरू. तेल आणि भंडारा मिळून लगदा होतो नि गुंता घट्ट बसतो. म्हणजे सेवा म्हणून जे केलं जातं, त्यानंच जट वाढते.

घरच्यांना कारण सांगायचं ते असं. केसावर बारीक खवले असतात. रोज पन्नास-शंभर केस गळतात. विंचरलं नाही की ते आतच अडकतात आणि खवल्यांत खवले गुंततात. मोठा ताप किंवा बाळंतपण झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी केसगळती वाढते, "आजारातून उठली आणि जट आली" असं बायका सांगतात ते म्हणूनच. पोलंडमध्येही जट कापली तर माणूस आजारी पडतो असं लोक मानत. १९व्या शतकात क्राकोचे डॉक्टर युझेफ डिट्ल यांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली. आजही वैद्यकात या गुंत्याला 'प्लायका पोलोनिका' म्हणतात. पोलंडात यल्लम्मा नव्हती, एवढं सांगितलं तरी काही घरांत चर्चा सुरू होते.

देवीची टिंगल करू नका, तिथेच दार बंद होतं. "कापली तर काय होईल असं वाटतं?" हे बाईलाच विचारा, सासूसमोर नव्हे, एकटीला. जट कापलेल्या एखाद्या बाईची गाठ घालून द्या. दहा भाषणांपेक्षा ती भेट कामाला येते. "काहीही होणार नाही" असं वचन कधी देऊ नका. पुढच्या वर्षभरात घरात कुणीतरी आजारी पडणार, म्हैस आटणार. दोष जटेवर येणार. हे आधीच बोलून ठेवा. होकार तिचाच हवा. मुलगी अल्पवयीन असेल तर तिच्याशी बोलून आईवडिलांचा. कापण्याआधी तिला ओटी भरायची असेल तर खुशाल भरू द्या. मात्र कुणी बोकड, मानपान सांगू लागलं तर ठाम नाही म्हणा.

काम दिवसाढवळ्या, अंगणात, घरच्यांसमोर करा. चोरून कापलेली जट गावात अफवा होते. सामान: शिवणकामाची धारदार कात्री, बोथट टोकाची छोटी कात्री, हातमोजे, मास्क, खोबरेल तेल, बॅटरी, जुनी चादर.

आधी मुळाशी बॅटरी मारून पाहा. जखम, पू किंवा अळ्या दिसल्या तर थांबा, डॉक्टर आधी. जट थोड्याच दिवसांची आणि बोटभर असेल तर कापू नका. तेल-कंडिशनर चोळून टोकाकडून मुळाकडे, बोटांनी सोडवत या. दोन-तीन बैठका लागतील. जुनी जट सुटत नाही. तिला मुळाशी तेल लावून अर्धा तास ठेवा. नवे केस येत राहतात, त्यामुळे टाळू आणि जट यांच्यात बहुधा थोडी फट असते. त्या फटीत आपलं बोट सरकवा आणि बोटाच्या वरून कापा, एका वेळी सेंटिमीटरभर, कडेकडून आत. दुसऱ्यानं जटेचं वजन तळहातावर पेलून धरावं, ओढू नये. ओढली की टाळूची कातडी तंबूसारखी वर उचलली जाते आणि नेमकी कात्रीत सापडते. बहुतेक जखमा अशाच होतात, आणि रक्ताचा एक थेंब घरच्यांना कोप वाटायला पुरतो. वस्तरा वापरूच नका.

कापलेल्या जटेचं काय करायचं ते तिला विचारा. परसात पुरणं सर्वांत बरं; नदीत सोडू देऊ नका.

मग कोमट पाण्यानं, सौम्य शॅम्पूनं दोनदा धुवा. उवा बहुधा असतात. एक टक्का परमेथ्रिन लोशन दहा मिनिटं ठेवून धुवायचं, आठ-नऊ दिवसांनी पुन्हा. घरातल्यांच्या डोक्यातही उवा असतील तर त्यांनाही त्याच दिवशी. गरोदर बाई किंवा तान्हं मूल असेल तर डॉक्टरांना विचारून. पुढे रोज फणी, आठवड्यातून दोनदा न्हाणं. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात, तेव्हा खांद्यापर्यंत यायला दोन वर्षं धरा.

दुसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि नवरात्रात तिच्या घरी जाऊन या; शेजारणी बोलायला लागतात ते याच वेळी. पुन्हा गुंता झाला तर "परत आली" म्हणायच्या आत विंचरायला बसा.

जट आलेल्या मुलीला देवाला सोडायची बोलणी चालली असतील तर समजावत बसू नका. महाराष्ट्रात २००५च्या देवदासी प्रथा निर्मूलन कायद्यानं तो गुन्हा आहे, कर्नाटकातही कायद्यानं गुन्हाच. लगेच १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा ११२ला (पोलीस) फोन करा.