डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे! या चुका टाळा

बंद पडलेला कॉम्प्युटर दुकानात आला की मी आधी विचारतो, "बॅकअप आहे का?" बहुतेक जण छातीठोकपणे सांगतात, "आहे ना, डी ड्राइव्हला." अहो, तुमच्या मशीनमध्ये डिस्क एकच आहे, सी आणि डी हे तिचेच दोन कप्पे. विंडोज बिघडलं तर डी वाचेल. कपाटच जळालं तर खालच्या कप्प्यातलं काय वाचणार?

ऐन तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात लग्नपत्रिका छापणारे एक काका आले. हार्ड डिस्क टकटक वाजत होती. असा आवाज आला की मशीन तत्काळ बंद करायचं. यांनी "होईल सुरू" म्हणत दोन दिवस पुन्हा पुन्हा चालू करून पाहिलं होतं. अकरा वर्षांची डिझाइन्स डी ड्राइव्हला; काहीच निघालं नाही. थोड्या फायली गिऱ्हाइकांच्या ईमेलमध्ये सापडल्या. उघडल्या, तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी रोमन अक्षरांचा गिचमिडा! जुना बिगर-युनिकोड फॉन्ट (रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं दाखवणारा) डिस्कबरोबरच गेला होता. तेव्हापासून मी फायलींसोबत फॉन्ट आणि लायसन्स कीसुद्धा कॉपी करायला लावतो.

मी स्वतः शनिवारी दुकान बंद करताना बाहेरची डिस्क जोडतो, कॉपी करतो आणि ती काढून घरी नेतो. कायम जोडून ठेवली तर रॅन्समवेअर, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, तिलाही कुलूप लावतं. गूगल ड्राइव्हच्या सिंकवर विसंबू नका. इथे पुसलेली फाइल तिथूनही जाते आणि ट्रॅशमध्ये 30 दिवसच राहते. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. हे कोणी करत नाही.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, तेव्हापासून जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकून घेणाऱ्यांची रीघ आहे. घरी करणारे हमखास चुकतात ते क्लोनिंगमध्ये, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नवीवर उतरवताना. सारख्याच आकाराच्या दोन डिस्क, नावं 'डिस्क 0' आणि 'डिस्क 1', आणि हातात चहा. रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते आणि दोन्ही रिकाम्या होतात. मीही एकदा हे केलंय, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना. आता दोन्ही डिस्कचे सीरियल नंबर कागदावर लिहिल्याशिवाय मी माउसला हात लावत नाही. त्याआधी डेटाची तिसरी प्रत काढून ड्रॉवरमध्ये. "एवढं कशाला, पाच मिनिटांचं काम आहे," म्हणणाऱ्यांना मी उद्या बोलावतो.

बाकीचं थोडक्यात. बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट किंवा मदरबोर्ड बदल करण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लावलेल्या विंडोजच्या कुलपाची, 48 अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा. बायोस अपडेट यूपीएसवरच करा, आपल्याकडची वीज तुमच्यासाठी थांबणार नाही. एसएसडी घेण्याआधी स्लॉट साटाचा आहे की एनव्हीएमईचा (जोडणीचे दोन वेगळे प्रकार) ते पाहा. लॅपटॉप उघडताना चार्जर काढला म्हणजे झालं नाही, आतल्या बॅटरीचा कनेक्टरही सोडवा. रॅम बसत नसेल तर खाच उलटी आहे, ताकद कमी नाही. आणि क्रॅकच्या, म्हणजे फुकटात चालवलेल्या चोरीच्या सॉफ्टवेअरच्या, सूचनांत पहिलीच ओळ असते 'आधी अँटिव्हायरस बंद करा', आणि लोक खरंच बंद करतात.