तापास बारमध्ये शाकाहारी माणसानं पोटभर कसं जेवावं

आमचा मुलगा नोकरीनिमित्त स्पेनमध्ये सेव्हियाला असतो. बेदाण्याचा हंगाम आटोपून मे महिन्यात मी आणि सौ. तीन आठवडे त्याच्याकडं राहून आलो. तासगावात परतल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, तिकडं खाल्लं काय? सौ. शाकाहारी, अंडं तेवढं चालतं. तरी ती एकदाही उपाशी झोपली नाही. आपल्या भागातली पोरं आता तिकडं जायला लागलीत, मागोमाग आईबापही जाणार, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तिकडं जेवायचं ते तापास बारमध्ये, म्हणजे लहान लहान बशांतून पदार्थ देणाऱ्या बारमध्ये. आधी वेळ सांभाळा. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं साडेआठच्या पुढं. मधल्या वेळात बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर बंदच असतं. दहाच्या सुमाराला पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा लहान बार असेल तर उघडता उघडता पोचा. शुगरची गोळी चालू असेल त्यांनी संध्याकाळी पाच-साडेपाचला काहीतरी खाऊन घ्यावं. आम्ही सांगलीहून भडंग नेलं होतं, त्याचा फार उपयोग झाला.

आत गेल्यावर टेबल शोधत फिरू नका. खरी जागा काउंटरची, तिला बार्रा म्हणतात. लोक उभ्यानंच खातात. बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या टेबलावर तोच पदार्थ थोडा महागही पडतो. आपल्याकडं रिकामी खुर्ची दिसली की रुमाल टाकायचा, तसं तिथं चालत नाही. काउंटरला वीतभर जागा मिळाली की तिथं उभं राहायचं आणि वाढणाऱ्याच्या नजरेला नजर मिळाली की ‘ओला’, म्हणजे नमस्कार, म्हणायचं. त्याच्या हातात चार बशा असल्या तरी तुम्ही आलात हे तो लक्षात ठेवतो. हाका मारायची गरज पडत नाही.

आता मागवायचं कसं. तापा म्हणजे झाकण. पेल्यावर झाकण म्हणून ठेवलेल्या पाव-मांसाच्या तुकड्यावरून हे नाव आलं, असं तिकडं सांगतात. एकच पदार्थ तीन मापांत मिळतो: तापा म्हणजे लहान बशी, मेदिया रासिओन म्हणजे अर्धी प्लेट, रासिओन म्हणजे पूर्ण. आम्ही पहिल्या रात्री हौसेनं सहा पदार्थ एकदम सांगितले. सगळे एकदम आले, काउंटरवर मावेनात आणि निम्मे गार झाले. दोघांत दोन तापा सांगा, त्या संपल्या की पुढच्या. जेवणाला दोन तास लागले तर लागू द्या.

शाकाहाराचं मात्र नीट ऐका. तिथं डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस, खामोन, हे कोथिंबिरीसारखं वरून भुरभुरतात. एका बारमध्ये ‘शाकाहारी’ असं सांगून हिरव्या शेंगांची भाजी मागवली, तर तिच्यात खामोनचे बारीक तुकडे निघाले. वाढणाऱ्याच्या लेखी ती भाजीच होती. सौ.ची ती बशी मी संपवली, पण तिचा चेहरा पडलेला बघून मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून नुसतं शाकाहारी म्हणून थांबायचं नाही, नावं घ्यायची: ‘सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो, सिन आतून.’ मांस नको, खामोन नको, मासा नको, ट्यूना नको. ट्यूना वेगळा सांगावाच लागतो, कारण एन्सालादिया रुसा या बटाट्याच्या कोशिंबिरीत तो बहुधा असतोच. सालमोरेखो हे टोमॅटोचं गार, दाट सूपही खामोन घालूनच येतं. आधी सांगितलं की वगळतात. क्रोकेटा, म्हणजे आत सारण भरलेले तळलेले रोल, मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका, सारणात बरेचदा खामोन असतं.

बिनधास्त आवडलं ते एस्पिनाकास कोन गार्बान्सोस. पालक आणि काबुली चणे, त्यात लसूण, जिरं, लाल मिरचीची पूड. सौ.नं पहिला घास घेतला आणि म्हणाली, “अहो, याला जिऱ्याचा वास आहे!” दिसायला आपल्या पातळभाजीच्या सुक्या बहिणीसारखं, मातीच्या लहान वाडग्यात येतं. तोर्तिया, म्हणजे बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट, अंडं खाणाऱ्याचं पोट भरतं. वांग्याचे तळलेले काप काकवी घालून देतात, तेही घ्या. पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या नुसत्या तळून वर जाड मीठ घालतात. बहुतेक बिनतिखट, एखादीच झणका देते. पाण्याला वेगळे पैसे मोजू नका. ‘आगुआ देल ग्रिफो’ म्हणा. 2022 च्या कायद्यानं नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं.

द्राक्षवाल्यांनी शेवटी पेद्रो खिमेनेस नावाची गोड वाइन जरूर बघावी. त्याच नावाची द्राक्षं तोडून उघड्या उन्हात पसरून सुकवतात आणि मग रस काढतात. आपण डिपिंग करून, म्हणजे द्राक्षं द्रावणात बुडवून, शेडमध्ये सावलीला वाळवतो, ते उन्हात. काकवीसारखी काळी, दाट. प्यायची नसेल तर नुसता वास घ्या, एप्रिलमधल्या आपल्या शेडचा वास येतो.

हिशोबासाठी ‘ला क्वेन्ता, पोर फावोर’. 1670 पासूनच्या, म्हणजे तानाजींनी सिंहगड घेतला त्या सालच्या, सेव्हियातल्या एल रिंकोन्सियो या बारमध्ये आजही काउंटरच्या लाकडावर खडूनं आकडे मांडतात. आपल्यासमोरच्या आकड्यांवर कोपर टेकवू नका, हिशोब पुसला जातो. टिपेची सक्ती नाही, सुट्टे पैसे ठेवले तरी चालतं. पैसे दिले की जागा सोडा, मागं कुणीतरी बशी हातात धरून उभं असतं.