कार्ड बिघडलं? आधी प्रत काढा

रास्पबेरी पाय या छोट्या, एका बोर्डावरच्या संगणकाचं मेमरी कार्ड लॅपटॉपला लावलं की विंडोज विचारतं, ‘फॉरमॅट करायचं का?’ अजिबात करू नका. या कार्डावर दोन भाग असतात: बूटचा, म्हणजे बोर्ड सुरू करणारा, छोटा फॅट३२ आणि तुमच्या फायलींचा मोठा, लिनक्सच्या पद्धतीचा ईएक्सटी४. दुसरा भाग विंडोजला मुळात वाचताच येत नाही. त्यामुळे धडधाकट कार्डालाही ते हाच प्रश्न विचारतं.

मोहाडीला मामांच्या द्राक्षबागेत मी असा एक बोर्ड बसवलाय. तापमान, आर्द्रता, पानांवरचा ओलावा, सगळं त्यात नोंदलं जातं. छाटणीनंतर डावणी या बुरशीच्या रोगाची फवारणी कधी घ्यायची हे मामा त्या नोंदी बघून ठरवतात. मळ्यातली लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि नेमकी कार्डावर लिहिणं चालू असताना गेली की फाइलसिस्टम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची मांडणी, बिघडते. आकडे सहसा जागेवरच असतात. त्यांच्यापर्यंतची वाट तुटते.

लिनक्सचा लॅपटॉप घ्या. कार्ड लावण्याआधी ऑटोमाउंट (कार्ड आपोआप जोडून उघडणं) बंद करा. हे फार महत्त्वाचं, कारण ईएक्सटी४ ‘फक्त वाचा’ म्हणून माउंट केलं तरी जर्नल (अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद) पुन्हा चालवलं जातं, म्हणजे कार्डावर लिहिलं जातंच. एलएसबीएलके हा डिस्कची यादी दाखवणारा आदेश चालवून आकारावरून कार्ड ओळखा. मग डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने आख्ख्या कार्डाची इमेज, म्हणजे एका फाइलमध्ये हुबेहूब प्रत, काढा. उबुंटूत या पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे. बत्तीस जीबीच्या कार्डाला डिस्कवर तेवढी जागा मोकळी हवी. मॅपफाइल (काय वाचून झालं याची नोंद) दिल्याशिवाय सुरू करू नका. मध्येच थांबलं तर तिच्यामुळेच काम पुढे चालू करता येतं. पहिल्या फेरीत ‘एन’ पर्याय द्या, म्हणजे चांगला भाग आधी हाती लागतो. खराब जागांसाठी दुसरी फेरी ‘आर३’ देऊन.

लॅपटॉपला कार्ड दिसतच नसेल, तर आधी ॲडॅप्टर आणि रीडर बदलून बघा. तरीही दिसलं नाही, तर घरच्या सॉफ्टवेअरचा उपयोग नाही.

इमेज हाती आली की कार्ड बाजूला ठेवा आणि इमेजचीही एक प्रत करा. लॉसेटअप या आदेशाला ‘पी’ (कॅपिटल) देऊन ती डिस्कसारखी जोडा, दुसरा भाग ‘आरओ, नोलोड’ (फक्त वाचा, जर्नल चालवू नका) लावून माउंट करा. उघडलं तर होम, ईटीसी आणि व्हारमधला तुमचा डेटाबेस लगेच उचला. नाही उघडलं, तर प्रतीवर ईटूएफएससीके हा दुरुस्तीचा आदेश चालवा. सुपरब्लॉकच (फाइलसिस्टमची मुख्य माहिती असलेला ब्लॉक) गेला असेल तर राखीव सुपरब्लॉक द्या. चार केबीच्या ब्लॉकला पहिला राखीव ३२७६८ वर असतो. त्यानंतर लॉस्ट-अँड-फाउंड फोल्डर नक्की उघडा. तिथल्या फायलींना नावं नसतात, नुसते आकडे असतात, पण आतला मजकूर बऱ्याचदा शाबूत असतो. एसक्यूलाइटचा डेटाबेस उघडत नसेल तर त्याचा ‘रिकव्हर’ आदेश वापरा.

फोटोरेक हा फायली शोधून काढणारा प्रोग्राम सगळ्यात शेवटी. तो फाइलच्या खुणा ओळखून शोधतो, त्यामुळे नावं आणि फोल्डर जातात. सीएसव्ही नोंदी साध्या टेक्स्ट म्हणून मिळतात. तुमच्या रकान्यांची नावं ग्रेप या शोधाच्या आदेशाने शोधलीत की त्या वेगळ्या काढता येतात.

एक खूण लक्षात ठेवा: कार्डावर काही लिहिलं, काढून परत लावलं आणि लिहिलेलं गायब झालं, तर त्या कार्डाची लिहिण्याची ताकद संपली. वाचता येतंय तोवर इमेज काढून घ्या आणि बोर्डात नवं कार्ड टाका.