कॅथ लॅबला नवीन लागलात? ईव्हारच्या केसला उभं राहण्याआधी

बीपीएमटी करून कॅथ लॅबला लागलं की सुरुवातीचे महिने हार्टच्या अँजिओप्लास्टीतच जातात, आणि स्टेंट म्हणजे ३ मिमीची जाळीची नळी एवढंच डोक्यात बसतं. मग एखाद दिवशी लिस्टवर ईव्हार (पोटातल्या महाधमनीचा फुगा जांघेतून ग्राफ्ट नेऊन दुरुस्त करणं) दिसते आणि धांदल उडते, म्हणून हे लिहितेय.

पोटातली महाधमनी साधारण २ सेमी रुंद असते, ३ सेमी झाली की अ‍ॅन्युरिझम म्हणजे फुगा म्हणतात, आणि पुरुषांत ५.५, बायकांत ५ सेमीच्या आसपास गेली की फुटायच्या आत काहीतरी करायचं असा ढोबळ हिशोब. पूर्वी पोट उघडून कापडी ग्राफ्ट, म्हणजे कृत्रिम नळी, शिवायचा एवढाच मार्ग होता, आजही काही पेशंटना तोच बरा पडतो. १९९० मध्ये ब्युनोस आयर्सला हुआन पारोदींनी डेक्रॉन कापडाची नळी स्टेंटला जोडून जांघेतून आत नेली, ओपन ऑपरेशन झेपणार नाही अशा पेशंटमध्ये. आणि हो, फुगा काढत नाहीत, तो तिथंच राहतो, रक्त ग्राफ्टमधून जायला लागतं म्हणून त्याच्या भिंतीवरचं प्रेशर कमी होतं. नातेवाईक हमखास विचारतात "गाठ काढली ना?"

निम्मी केस सीटी अँजिओवरच ठरते. किडनीच्या धमन्यांखालचा चांगला भाग, ज्याला नेक म्हणतात, तो किती लांब (१०-१५ मिमी तरी हवा), किती वाकडा, खाली इलियाक (महाधमनीतून पायांकडे जाणाऱ्या धमन्या) किती बारीक, हे बघून ग्राफ्टची साईझ काढतात, नेकपेक्षा १०-२० टक्के मोठा. डॉक्टर मोजमाप करत असतील तर मागे जाऊन उभे राहा, कोणी हाकलत नाही. फ्रेंच साईझ पाठ करा: ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी, म्हणजे १८ फ्रेंचची शीथ (जिच्यातून ग्राफ्ट आत नेतात ती नळी) ६ मिमीची, मग ५ मिमीच्या कॅल्शियमवाल्या इलियाकमधून ती कशी जाणार हा प्रश्न आपोआप पडतो.

खरी परीक्षा गेटची. मेन बॉडी, म्हणजे ग्राफ्टचा मुख्य भाग, उघडली की तिचा एक पाय तोकडा राहतो, त्याच्या तोंडात, म्हणजे गेटमध्ये, दुसऱ्या जांघेतून वायर घालायची असते, कधी दोन मिनिटांत जाते कधी अर्धा तास सगळे घामाघूम. वायर ग्राफ्टच्या आत गेलीय की बाहेर फुग्यात, हे एका अँगलला कळतच नाही, म्हणून पिगटेल (टोक गोल वळलेला कॅथेटर) वर नेऊन मेन बॉडीत गोल फिरवून बघतात, मोकळा फिरला तर आत. हे न बघता पुढचा लिंब (limb, ग्राफ्टचा जोडायचा पाय) उघडला तर सगळंच बिघडतं. या वेळी कॅथेटर, वायर न मागता हातात देणारा टेक्निशियन सगळ्यांना हवा असतो.

पायाच्या केसेसही करा. मांडीतल्या धमनीला निटिनॉल या लवचिक धातूचा, आपोआप उघडणारा स्टेंट लागतो कारण पाय वाकतो, वळतो. बलूनवर चढवलेला स्टेंट तिथे दाबला गेला तर दबलेलाच राहतो.

शेवटच्या शूटला (डाय सोडून घेतलेल्या चित्रात) एंडोलीक, म्हणजे ग्राफ्टबाहेर फुग्यात होणारी रक्ताची गळती, बघायला शिका. नेकपाशी गळती, म्हणजे टाईप १, असेल तर टेबलावरच सोडवतात. लंबर म्हणजे कमरेच्या छोट्या धमन्यांमधून उलटं येणारं टाईप २ बऱ्याचदा नुसतं फॉलोअपला ठेवतात. पेशंटला सीटी किंवा सोनोग्राफीसाठी दरवर्षी यावं लागतं, ते डिस्चार्जच्या वेळी ठासून सांगा, बरं वाटतंय म्हणून लोक येतच नाहीत.

ईव्हारला फ्लुरो (सतत चालणारा एक्स-रे) खूप चालतो, शूट करताना एक पाऊल मागे सरकायची सवय लावा. टीएलडी बॅज (अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा) लेड अ‍ॅप्रनच्या आत छातीवर लावायचा असतो, लॉकरमध्ये नाही.