अंदमानला निघालात ना? मग बॅग भरताना हेही बघा

डिसेंबर आला की आमच्या सोसायटीतून निदान दोन कुटुंबं तरी अंदमानला जातातच. सेल्युलर जेल, हॅवलॉक, स्कूबा, ठरलेलं असतं सगळं. उलटीची गोळी, सनस्क्रीन, भडंग ही यादी तुम्हाला कोणीही देईल म्हणून ती सोडते, माझी यादी त्सुनामीची आहे, आणि हसू नका, ही बेटं भूकंपाच्या पट्ट्यावरच बसलीयत.

बेटांच्या पश्चिमेला समुद्राखाली जमिनीच्या कवचाचा एक प्रचंड तुकडा, म्हणजे प्लेट, दुसरीच्या खाली सरकत असते, सरकता सरकता अडकते, वर्षानुवर्षं ताण साठतो आणि एक दिवस सुटते, तळ उचलला जातो आणि त्याच्यावरचं अख्खं पाणी उचललं जातं. 26 डिसेंबर 2004 ला रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ हेच झालं, 9.1 तीव्रता, आणि भेग फाटत फाटत उत्तरेला अंदमानपर्यंत आली, जवळजवळ 1300 किलोमीटर. खोल समुद्रात ही लाट जेमतेम अर्धा-एक मीटर उंच असते, बोटीतल्या माणसाला कळतही नाही, पण 4 किलोमीटर खोल पाण्यात ती ताशी 700 किलोमीटरने पळते. किनाऱ्याजवळ उथळ लागलं की पुढचं पाणी मंदावतं, मागचं येतंच असतं, मग उंची वाढते. चेन्नईपर्यंत यायला लाटेला दोन तासांच्या वर लागले, निकोबारला मिनिटांचा प्रश्न होता.

म्हणून यादीतलं पहिलं, मोबाईलवर मेसेज येईल म्हणून थांबायचं नाही. हैदराबादला इन्कॉईसचं, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचं, त्सुनामी इशारा केंद्र 2007 पासून आहे, लांबच्या भूकंपाला त्याचा खूप उपयोग, पण भूकंप बेटांच्या शेजारी झाला तर तेवढा वेळच नसतो आणि तिथे रेंज येते-जाते ते वेगळंच. किनाऱ्यावर असताना जमीन जोरात किंवा बराच वेळ, वीस सेकंदांच्या वर, हलली तर तोच भोंगा समजा. हलत असेपर्यंत डोकं सांभाळा, थांबलं की चालायला लागा. समुद्र आधी मागे जातो हे सगळ्यांना माहितीय पण ते अर्धंच आहे, 2004 ला थायलंडकडे पाणी आधी ओसरलं आणि आपल्या तामिळनाडूच्या बाजूला आधी चढलंच, त्यामुळे पाणी ओसरायची वाट बघत बसू नका. ओसरलेलं दिसलं तर मात्र शिंपले वेचायला जायचं नाही, पळायचं. फुकेतला एका 10 वर्षांच्या इंग्रज मुलीने शाळेत नुकतंच शिकलेलं आठवून आईवडलांना सांगितलं आणि बीच रिकामा झाला, तेव्हा पोरांनाही हे सांगून ठेवा, त्यांच्या जास्त लक्षात राहतं.

हॉटेल बुक करताना ब्रेकफास्टच्या आधी विचारा की मागे टेकडी आहे का आणि वर जायचा रस्ता कुठून. आम्ही हॅवलॉकला पोचल्यावर विचारलं तर रिसेप्शनवरचा मुलगा आधी हसला, मग बाहेर येऊन बोट दाखवलं, सुपारीच्या बागेतून पायवाट होती. संध्याकाळी चहा झाल्यावर आईला घेऊन ती एकदा चालून बघितली. आईचे गुडघे धरून अकरा मिनिटं, मधे एका कुंपणाला वळसा, आणि तो वळसा अंधारात मला कधीच सापडला नसता. हे काम पहिल्याच दिवशी उरका. समुद्रसपाटीपासून 30 मीटर उंची मिळाली तर उत्तम, नाहीतर जमेल तेवढं वर आणि आत, अगदीच टेकडी नसेल तर पक्क्या आरसीसी बिल्डिंगचा तिसरा मजला किंवा त्याच्या वर. शक्यतो पायीच, सगळ्यांनी एकदम गाड्या काढल्या की रस्ता तुंबतो.

उशाशी एक छोटी सॅक, त्यात बीपी-शुगरच्या गोळ्या, टॉर्च, पाण्याची बाटली, पॉवर बँक, आधारच्या झेरॉक्स आणि थोडी कॅश प्लास्टिकमधे गुंडाळून, शिट्टी मिळाली तर शिट्टी. चपला दाराशी, सूटकेसच्या मागे नाही. सूटकेस न्यायचीच नाही हे नवऱ्याला दोनदा सांगा. चुकामूक झाली तर एकमेकांना शोधत खाली यायचं नाही, प्रत्येकाने वरच जायचं, भेटायची जागा वरची, हे मात्र घरी असतानाच ठरवा कारण ऐनवेळी कोणी ऐकत नाही.

फेरीबोटीत किंवा डायव्हिंगच्या बोटीवर असाल आणि इशारा आला तर धक्क्याकडे परत यायचा आग्रह धरू नका, खोल पाण्यात बोट जास्त सुरक्षित असते, कॅप्टन सांगेल ते ऐका.

आणि पहिली लाट गेली म्हणजे झालं असं नाही. लाटा दहा मिनिटांपासून तासाभराच्या अंतराने येत राहतात, पहिलीच मोठी असते असंही नाही. 1964 ला अलास्काच्या भूकंपानंतर कॅलिफोर्नियातल्या क्रेसेंट सिटीत लोक दुकानं आवरायला परत गेले आणि चौथी लाट सगळ्यात मोठी निघाली. प्रशासन सांगेपर्यंत वरच थांबा, कितीही तास लागोत, म्हणूनच ते भडंग सॅकमधे टाका.

पोर्ट ब्लेअरजवळ सिप्पीघाटला गाडी थांबवून बघा, 2004 ला जमीनच खचली आणि शेतांत शिरलेलं खारं पाणी गेलंच नाही.

शेवटचं, पुण्यात किंवा जिथे असाल तिथे एक माणूस ठरवून ठेवा, सगळ्यांनी फक्त त्यालाच एसएमएस करायचा. आमच्याकडे ते काम मावशीकडे आहे, ती फोन कधीच सायलेंटवर ठेवत नाही.