मामांचं २५ बोअर पिस्तूल वारशात आलंय, आता करायचं काय?

घरातलं मोठं माणूस गेलं की दिवसकार्य उरकल्यावर कपाटं उघडली जातात, आणि एखाद्या घरात धोतरांच्या घडीखालून पिस्तूल निघतं. आमच्याकडे थोरल्या मामांचं निघालं. वेब्ली अँड स्कॉट, इंग्रजांच्या काळातलं, तळहातात मावेल एवढं, सोबत लायसनचं जुनं बुक आणि पत्र्याच्या डबीत अकरा काडतुसं. त्यानंतर वर्षभर जी पळापळ झाली त्यातून जे शिकलो ते लिहितोय, कुणाचे चार हेलपाटे वाचले तर बरंच आहे.

सगळ्यात आधी, हात लावू नका. खरंच. आमच्या मामेभावाने "रिकामं असेल रे" म्हणत उचललंच होतं. या छोट्या पिस्तुलांत बहुतेकांना बाहेरून घोडा (मागचा हॅमर) दिसतच नाही, सगळं आत लपलेलं, त्यामुळे आत ताणलेलं आहे की नाही ते कळायला मार्ग नाही, आणि मॅगझिन काढलं तरी नळीत एक काडतूस राहिलेलं असू शकतं, लोकांचा घात नेमका इथेच होतो. शंभर वर्षांच्या सेफ्टीच्या खटक्यावर तर अजिबात भरवसा नको. मुलांना खोलीबाहेर काढा, कपाटाला कुलूप लावा आणि ज्याला खरंच येतं अशाच माणसाकडून ते रिकामं करून घ्या.

दुसरं म्हणजे लायसन मामांच्या नावावर होतं, मामा गेले की ते हत्यार घरात ठेवायचा अधिकारही गेला, मग तुम्ही सख्खे वारस का असेना. आर्म्स ॲक्ट १९५९ चं कलम २१ सांगतं की अशा वेळी हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात नाहीतर लायसन असलेल्या डीलरकडे जमा करायचं. पोलीस ठाण्यात फोन करून आधी सांगा, ते सांगतील तसं करा, आपलं आपण पिशवीत घालून एसटीने निघू नका. इलेक्शनला हत्यारं जमा करून घेतात ते तुम्ही ऐकलं असेल, साधारण तसंच, फक्त इथे परत मिळेलच असं नाही. जमा केल्याची पावती मात्र जिवापाड जपा, त्यावर मेक म्हणजे कंपनी, बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं इंचातलं माप, आणि नंबर तिन्ही नीट लिहिलंय का बघा. आमच्या पावतीवर .२५ च्या जागी .३२ लिहिलं होतं आणि ती एक चूक दुरुस्त करायला तीन महिने गेले.

आता ही बोअरची भानगड नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं यावरच आहे. .२५ एसीपी, .२५ ऑटो, ६.३५ ब्राउनिंग ही एकाच काडतुसाची नावं. .३२ एसीपी म्हणजे ७.६५ ब्राउनिंग. आणि रिव्हॉल्व्हरचं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे तिसरंच, नुसतं "३२" म्हणून दोन्ही .३२ एकच समजू नका, एकाचं काडतूस दुसऱ्यात घालायचं नाही. पिस्तुलावर काय कोरलंय, लायसनवर काय लिहिलंय आणि काडतुसाच्या बुडावर काय शिक्का आहे, तिन्ही जुळायला पाहिजेत.

मग २५ आज कुणालाच का नको? हे कळलं की निर्णय घेणं सोपं जातं. जॉन ब्राउनिंगने हे काडतूस काढलं आणि १९०५ च्या सुमारास बेल्जियमच्या एफएन कंपनीने त्याचं खिशातलं पिस्तूल आणलं, १९०८ मध्ये अमेरिकेत कोल्टने. कल्पना हुशारीची होती, छोट्या नळीतून .२२ एवढाच जोर, पण .२२ चा बार कधीकधी उडतच नाही कारण त्याचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेत असतो, २५ मध्ये तो मधोमध टोपीत आहे त्यामुळे भरवशाचा. कोटाच्या खिशात मावायचं म्हणून जगभर खपलं. पण ताकद बघाल तर गोळी ५० ग्रेनची, म्हणजे सव्वातीन ग्रॅमच्या आसपास, आणि ऊर्जा जेमतेम ९० ज्यूल, ९ एमएमच्या साधारण पाचवा हिस्सा. तरी चालायचं, कारण एवढ्या लहान पिस्तुलात दुसरं काही बसतच नव्हतं.

अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने बाहेरून येणारी चिमुकली पिस्तुलं अडवली, तिथल्या तिथे स्वस्तातली बनत राहिली आणि २५ ला "फालतू" असं नाव पडलं. खरा घाव नंतर बसला. १९९९ मध्ये केल-टेक या अमेरिकन कंपनीने .३२ चं प्लॅस्टिक बॉडीचं पिस्तूल काढलं, वजन दोनशे ग्रॅमच्या आत, म्हणजे २५ वाल्या बेबी ब्राउनिंगपेक्षाही हलकं. २००८ मध्ये रुगर कंपनीचं .३८० बोअरचं पिस्तूल आलं, तेही जवळपास बेबीच्याच वजनात. तेवढ्याच खिशात जास्त दम मिळत असेल तर २५ कोण घेणार? .३२ चीही तिकडे उतरती कळा लागलीच होती म्हणा, पश्चिम जर्मनीच्या पोलिसांनी सत्तरच्या दशकात ७.६५ सोडून ९ एमएमकडे मोर्चा वळवला होता.

आपल्याकडे गंमत उलटी आहे. इथे ९ एमएम, .३८, .४५ सामान्य माणसाला मिळत नाही, ते प्रोहिबिटेड म्हणजे बंदी असलेलं बोअर, त्यामुळे जगाने सोडलेलं .३२ आपल्याकडे राजा आहे आणि सरकारी कारखान्यांची सिव्हिलियन पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं बहुतेक .३२ चीच. काडतूसही घरचं, जुन्या पुंगळीच्या बुडावर "केएफ" दिसलं तर ते आपल्या पुण्याच्या खडकीचं. २५ च्या मागे असं कोणी नाही. कायद्याने बंदी नाही, पण बाहेरची आयात १९८० च्या दशकात आवळली गेली आणि इथे त्याचा वाली नाही, थोडक्यात हे बोअर काडतुसांवाचून उपाशी मेलंय. म्हणून वारस म्हणून लायसन काढायच्या मागे लागण्याआधी दोन-चार गनहाउसमध्ये जाऊन एकच प्रश्न विचारा, "२५ चे राउंड (काडतुसं) आहेत का, आणि कुठल्या सालातले?" मी विचारलं तेव्हा एक डीलर हसलाच, दुसऱ्याने चहा पाजला, राउंड कुणाकडेच नव्हते. डबीतली जुनी काडतुसं धरून चालू नका, दमट हवेत इतकी वर्षं पडलेला बार उडेल की नाही, की उशिरा उडेल, काही सांगता येत नाही, आणि उशिरा उडणारा जास्त वाईट.

तरी ठेवायचंच असेल, आठवण म्हणून, तर रस्ता आहे. आर्म्स रूल्स २०१६ मध्ये वारसाला लायसन द्यायची तरतूद आहे, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं पण लायसनधारक सत्तरीला पोचला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं तर तो जिवंतपणीच वारसाच्या नावाने प्रक्रिया सुरू करू शकतो. घरात असे आजोबा असतील तर आजच विषय काढा, संकोच सोडा. लायसनधारक आधीच गेला असेल तर मृत्यूचा दाखला, वारसांचे पुरावे, बाकी भावंडांची ना-हरकत ॲफिडेव्हिटवर, हत्यार हाताळणीच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणि पोलीस व्हेरिफिकेशन, अशी फाइल कलेक्टर ऑफिसला, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे. ना-हरकतीला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण पिस्तुलाच्या निमित्ताने जमिनीचा विषय निघतो. आणखी एक, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. तुमच्याकडे आधीच बारा बोअर आणि .३२ असेल तर २५ साठी जागाच नाही, आणि एकच असेल तरी ती दुसरी जागा न उडणाऱ्या पिस्तुलावर घालवायची का ते बघा. माझ्या मते नाही.

विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक लायसनवालाच लागतो. दोन लायसनवाल्यांतल्या व्यवहाराची जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कल्पना देऊन ४५ दिवस थांबावं लागतं, वारसाच्या बाबतीत मात्र आधी ऑफिसला विचारा नाहीतर सरळ डीलरच्या हातूनच करा. भावाची स्वप्नं नकोत. जुन्या विलायती .३२ ला लाखांत मागणी असते ते ऐकून आम्हीही हवेत होतो, २५ म्हटल्यावर डीलरने पिस्तूल उचलूनही बघितलं नाही.

शेवटी मामीच म्हणाली, देऊन टाका सरकारला. तसा अर्ज केला. तुम्हीही तेच करणार असाल तर काडतुसं घरात विसरू नका, त्यांनाही लायसन लागतंच. डबी टेबलावर उपडी करून समोर मोजायला लावा आणि पावतीवर आकडा अक्षरात लिहून घ्या, अकरा.