अडुळशाचा काढा उकळताय? आधी या चुका टाळा

मिरगाचा पाऊस लागला की कोकणात घरोघर खोकले सुरू होतात. कौलांवर धार, पडवीत आठवडाभर न सुकणारे कपडे, भिंतीला ओल, त्यात चुलीचा धूर घरातच कोंडलेला. मग कुणीतरी म्हणतं, "अडुळसा उकळ जरा." उकळतातही. पण कसा उकळतात ते बघून माझं डोकं फिरतं. तोंडाने सांगून कंटाळले, आता लिहूनच टाकते.

सगळ्यात मोठी आणि जिवावर बेतणारी चूक म्हणजे झाड न ओळखता पानं खुडणं. अडुळसा आपल्याकडे वईला, म्हणजे कुंपणाला, लावतात, कारण गुरं-बकऱ्या त्याला तोंड लावत नाहीत. पण त्याच गडग्याला लागून कण्हेरही असते, देवाला फुलं हवीत म्हणून. दोघांची पानं लांबट, टोकदार, हिरवीगार. एका गणपतीत ठाण्याहून आलेला पुतण्या छाती भरली म्हणून खोकत होता. मी मोदकांच्या उकडीत हात घालून बसलेले. म्हटलं, परसात वईला अडुळसा आहे, चार पानं घेऊन ये. साहेब ओंजळभर पानं घेऊन आले, टोपात टाकली, गॅस पेटवला आणि मला हाक मारली, "काकू, पाणी किती घालू?" मी टोपात डोकावले तर पानं अरुंद, जाड, चामड्यासारखी आणि मधोमध पांढरट सरळ शीर. "रे मेल्या, ही कण्हेर!" टोप तसाच उचलून नेला, पानं-पाणी खड्ड्यात पुरलं आणि टोप चांगला घासून घेतला. त्याचं म्हणणं, झाडाला फूल नव्हतं, मग कळणार कसं? फूल कुठून असणार, सगळी लाल कण्हेर पहाटेच पूजेला खुडली होती. आणि अडुळशाला फुलं येतात थंडीत, भाद्रपदात ते नुसतं पानांचं झुडूप असतं.

म्हणून फुलावर जाऊ नका, पानांची बैठक बघा. अडुळशाला पानं समोरासमोर जोडीने येतात, मऊ असतात, वीतभर वाढतात आणि मध्ये चांगली रुंद होतात. कण्हेरीला एकाच पेरावर बहुधा तीन-तीन पानं, बोटभर रुंदीची, मोडली की चिकट चीक येतो. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तीही तितकीच विषारी. कण्हेरीचं विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं आणि उकळल्याने किंवा वाळवल्याने ते मरत नाही. कुणाच्या पोटात गेलंच तर ताक पाज, मीठपाणी पाज, ओकारी काढ असले उद्योग न करता पानासकट माणसाला दवाखान्यात न्यायचं. माझ्या घरात तेव्हापासून एक नियम आहे: काढ्याची पानं घरातलं जाणतं माणूस खुडणार, पाहुणे नाहीत. आणि कण्हेरीच्या फांद्या अडुळशात घुसल्या की मी कोयता घेते.

दुसरी चूक घाईची. मुंबईहून येणाऱ्यांना सगळं एका रात्रीत बरं व्हायला हवं असतं, सोमवारी ऑफिस असतं ना. मग तीन-चार पानांच्या जागी मूठभर पानं आणि अर्ध्या कपाच्या जागी पेलाभर काढा. अडुळसा कडू लागतो तो त्यातल्या व्हॅसिसिन नावाच्या द्रव्यामुळे, आणि त्याचं काम कफ पातळ करून सुटा करणं. ही काही आजीबाईची समजूत नाही. याच व्हॅसिसिनवरून 1960 च्या दशकात ब्रोमहेक्झिन हे औषध तयार झालं, ते आजही कफ सिरपच्या बाटल्यांवर छापलेलं दिसतं. म्हणजे हे औषध आहे, सरबत नव्हे. जास्त झालं की मळमळ, उलट्या, जुलाब. शेजारच्या घरी असंच झालं. लग्नाला आलेल्या जावयाने सासूच्या आग्रहापोटी पेला रिकामा केला आणि वरातीची सगळी वेळ न्हाणीत काढली. सासू अजून म्हणते, "पोट साफ झालं, बरंच झालं की." यावर काय बोलायचं!

माझं माप साधं आहे. मोठ्या माणसासाठी तीन-चार जून पानं, देठ काढून, पुसून, हाताने फाडून. दोन कप पाणी, मंद आच, झाकण न ठेवता अर्ध्यावर आटवायचं. त्यातला अर्धा कप सकाळी, अर्धा संध्याकाळी, तीन-चार दिवस, पुढे नाही. कुकरला शिट्ट्या काढून काढा करणारे भेटतात तेव्हा मी गप्प बसते. अहो, काढा आटवायचा असतो. बंद भांड्यात किती आटलं ते दिसणार कसं? मायक्रोवेव्हवाल्यांना तर मी उत्तरच देत नाही.

आटवताना पहिल्यापासूनच गवती चहा आणि तुळस टाकणं ही त्याच घाईची धाकटी बहीण. त्यांचा वास म्हणजेच त्यांचा जीव, वीस मिनिटं उघड्यावर उकळलात तर सगळा स्वयंपाकघरभर जातो. अडुळसा, ठेचलेलं आलं, दोन मिरी आधी. गॅस बंद केल्यावर गवती चहाची पात आणि तुळस टाकून झाकण.

रस हवा असेल तर कच्ची पानं वाटून पिळत बसू नका, थेंब निघत नाही आणि हात दुखतात. मी पानं केळीच्या पानात गुंडाळून मोदकपात्रात वाफवते. ती काळपट हिरवी, लिबलिबीत झाली की पंच्याच्या फडक्यातून पिळायची. घट्ट, गडद रस येतो. तो चहाचा एक चमचा, मधासोबत. मध नेहमी कोमट झाल्यावर, उकळत्या काढ्यात ओतलात तर पैसे पाण्यात. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचाच नाही, पणजीने चाटवला असला तरी. त्या वयात मधातल्या जंतूंनी बोट्युलिझम होऊ शकतो.

गरोदर बाईला अडुळसा द्यायचा नाही. गर्भाशय आकुंचन पावतं. इथे "थोडासा चालतो" वगैरे काही नसतं.

ब्लड प्रेशर असलेल्यांनी ज्येष्ठमधाच्या काड्या रोज चघळू नयेत, दाब वाढतो.

कोरड्या खोकल्याला, नुसत्या घशाच्या खवखवीला अडुळसा उकळून काय साधणार? सुटायला कफ तर हवा. तिथे कोमट मीठपाण्याच्या गुळण्या करा.

पानं वाळवून ठेवायची तर एप्रिल-मेमध्ये, सावलीत, आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधी भरून ठेवायच्या, सामानाबरोबर. जुलैत वाळवायला घातलेल्या पानांवर बुरशीच येते आणि लोक ती झटकून वापरतात. पावसात झाड दारात हिरवंगार उभं असताना वाळवायचा अट्टहास कशाला? महामार्गाकडेची लाल धूळ बसलेली पानं मात्र आणू नका, फुकट मिळाली तरी. तयार काढा दोन दिवसांचा करून बाटलीत भरणं हाही आळस. आपल्या दमट हवेत तो आंबतो. त्या दिवसाचा त्या दिवशी.

भांडं स्टीलचं. पितळेचं वापरायचं असेल तर कल्हई शाबूत बघा, विशेषतः लिंबू पिळणार असाल तर.

श्वास लागत असेल, छातीत घरघर, थुंकीत रक्त किंवा ताप उतरत नसेल, तर टोप गॅसवर ठेवूच नका. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला की प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन थुंकी तपासा, क्षयाची ही तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. "अजून आठ दिवस काढा घेऊन बघते" म्हणणाऱ्या बायका माझ्या आळीत आहेत. त्यांना मी पानं देत नाही.

आणि हो, गूळ किती, हे सगळे विचारतात. सुपारीएवढा. पाक करायचा नाहीये. डायबेटीस असेल तर तोही नको, नाक धरून कडू प्या.